धनबादला कोळसा, दापोलीला आंबा: कुठला विषय कुठे शिकावा?

बारावीनंतरचे फॉर्म भरायचे दिवस जवळ आले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो: हा विषय आमच्याकडे का नाही, आणि जिथे आहे तिथे जायचं का? या वेळी ती पत्रं एकत्र घेतली आहेत. शुल्क आणि प्रवेशाच्या तारखा दर वर्षी बदलतात, म्हणून त्या इथे दिलेल्या नाहीत. त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघाव्यात.

प्रश्न: मुलीला माइनिंग इंजिनिअरिंग करायचं आहे. सगळे धनबादचंच नाव सांगतात. एकेक विषय देशाच्या एकेका कोपऱ्यातच का साचतो? आणि खाणीत मुलींना घेतात का? (एक पालक, लातूर)

उत्तर: दुसरा प्रश्न आधी घेऊ, तो लहान आहे. 1952 च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या कामाची बंदी होती. 2019 मध्ये केंद्राने अधिसूचना काढून तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांवर सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेत, लेखी संमती घेऊन, खाली उतरायची मुभा दिली. म्हणजे इंजिनिअर म्हणून दार उघडलं आहे. त्याआधी शिकलेल्या मुलींना डिझाइन, संशोधन नाहीतर जमिनीवरचं काम एवढंच उरायचं.

आता विषय साचण्याबद्दल. आपल्याकडचं जुनं तांत्रिक शिक्षण गरजेपोटी सुरू झालं, आणि गरज जिथे होती तिथेच ते बसलं. गंगेचा कालवा खणायला माणसं हवी होती म्हणून 1847 मध्ये रुरकीचं कॉलेज निघालं. पुण्यात 1854 मध्ये इंजिनिअरिंगचा वर्ग उघडला तो बांधकाम खात्याला हाताखालचे अधिकारी मिळावेत म्हणून. त्याचंच पुढे सीओईपी झालं. धनबादची खाणकामाची शाळा 1926 ची, आणि झरियाचा कोळसा तिच्या पायाशीच आहे. 2016 मध्ये तिला आयआयटीचा दर्जा मिळाला, पण मूळ तेच. हुगळीच्या काठावर तागाच्या गिरण्या होत्या, म्हणून तागाचं तंत्रशिक्षण कोलकात्याला. मद्रासकडे कातडी कमावण्याचा धंदा जुना, म्हणून 1948 मध्ये चामड्याची केंद्रीय संशोधन संस्था तिथे आली आणि चामड्याचं शिक्षणही तिच्या आधाराने वाढलं.

कधी मात्र उद्योगापेक्षा एका माणसाचं मृत्युपत्र कारणी लागतं. नागपूरची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट 1942 ची. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपली मिळकत विद्यापीठाच्या नावे केली, तिच्यातून ती उभी राहिली. तेल आणि रंग यांचं तंत्रज्ञान विदर्भात शिकवलं जाऊ लागलं ते यातून.

पण खरं कोडं वेगळंच आहे. मूळ कारण संपलं तरी विषय तिथून हलत का नाही? कारण विषय चालतो शिक्षकांवर. वायुविजन किंवा खडकयांत्रिकी शिकवणारा माणूस पीएचडी कुठे करणार? जिथे तो विषय आधीच आहे तिथे. मग नोकरीही तो तिथेच धरतो, त्याचे विद्यार्थीही तिथेच पीएचडी करतात. नव्या ठिकाणी विभाग काढायचा तर शिक्षक तिथूनच आणावे लागतात, आणि ते यायला तयार नसतात. प्रयोगशाळा पैशाने होते. विद्यार्थ्यांना खाली उतरू देणारी खाण मात्र विकत मिळत नाही.

एक लहानशी गोष्ट बघा. खाणीतला मिथेन ओळखायला जुन्या पद्धतीचा सुरक्षा दिवा वापरतात. वात कमी केली की ज्योतीवर फिकट निळी टोपी दिसते. तिच्या उंचीवरून मिथेनचं प्रमाण सांगायचं. आता डिजिटल मापकं आली आहेत, पण दिवा हातात धरून ती टोपी ओळखणं आजही शिकवतात. उजेडाच्या खोलीत ती दिसतच नाही. हे वर्गात बसून येत नाही.

तुमच्या मुलीसाठी धनबाद हा एकमेव रस्ता नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीमध्ये, म्हणजे तिथल्या केंद्रीय एनआयटीमध्ये, माइनिंग आहे. धनबादला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागते, नागपूरला जेईई मेनवर काम होतं. नागपूरचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. खाण व्यवस्थापक व्हायचं तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची सक्षमता प्रमाणपत्रं लागतात, आणि ती कोळसा खाणींसाठी वेगळी आणि धातूच्या खाणींसाठी वेगळी असतात. लागणारा अनुभवही त्या त्या प्रकारच्या खाणीतला असावा लागतो. धनबादभोवती मुख्यतः कोळसा आहे. नागपूरभोवती दोन्ही आहेत: उमरेड, वणीकडे वेस्टर्न कोलफील्ड्सचा कोळसा आणि भंडारा, बालाघाटकडे मॉइलचं मँगनीज. कुठल्या बाजूला जायचं हे ज्याचं ठरलेलं नाही त्याला दोन्ही पाहायला मिळणं चांगलं.

प्रश्न: बिहार, उत्तर प्रदेशातली मुलं इंजिनिअरिंगला पुणे-बेंगळुरूला येतात, उलटं कधी ऐकलं नाही. असं का? (निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर: उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाचे 2021-22 चे आकडे असे: 18 ते 23 वयोगटातल्या दर लाख लोकसंख्येमागे कर्नाटकात 66 कॉलेजं, देशाची सरासरी 30, बिहारमध्ये 7. जिल्ह्यांत बेंगळुरू शहर पहिलं, 1106 कॉलेजं. पुण्यात 475.

ही तफावत पडली ती मुख्यतः परवानग्यांमुळे. मणिपालचं खासगी मेडिकल कॉलेज 1953 चं. महाराष्ट्रात 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, आणि पुढच्या काही वर्षांत साखरपट्ट्यातल्या बऱ्याच शिक्षणसंस्थांनी कॉलेजं काढली. उत्तरेकडच्या राज्यांनी ही दारं बऱ्याच उशिरा उघडली, तोवर इकडे शिक्षक, वसतिगृहं, क्लास आणि कंपन्या असा सगळा संसार मांडून झाला होता.

या आकड्यांनी एका बाबतीत फसू नका. कॉलेजं जास्त म्हणजे विषय जास्त असं नाही. खासगी कॉलेज तेच उघडतं ज्याला मागणी आहे आणि ज्याची प्रयोगशाळा स्वस्तात होते. माइनिंग, सिरॅमिक, चामडं, ताग, जहाजबांधणी हे विषय आजही बहुतेक सरकारी किंवा जुन्या संस्थांतच सापडतात.

प्रश्न: आम्ही यवतमाळचे. मुलाला अकरावी-बारावीसाठी पुण्याला ठेवायचा विचार आहे, त्याचा मित्र कोट्याला चालला आहे. पुढे इंजिनिअरिंगच्या किंवा मेडिकलच्या प्रवेशाला याने काही अडतं का? (एक आई, यवतमाळ)

उत्तर: अडतं, आणि बहुतेकांना ते कॅप राउंडच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीच्या, दिवशी कळतं. ताई, हे उत्तर अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी वाचा.

महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग प्रवेशात विद्यापीठ पातळीवरच्या कॉलेजांमधल्या राज्याच्या जागांपैकी 70 टक्के त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना, म्हणजे 'होम युनिव्हर्सिटी'ला, आणि 30 टक्के बाहेरच्यांना असतात. तुमचं होम विद्यापीठ कुठलं? घर कुठे आहे यावरून ते ठरत नाही. दहावी, बारावी दोन्ही महाराष्ट्रातून केलेल्या सर्वसाधारण उमेदवाराच्या बाबतीत बारावी ज्या कॉलेजातून पास झालं, ते कॉलेज ज्या विद्यापीठाच्या हद्दीत येतं ते त्याचं होम. यवतमाळच्या कॉलेजातून बारावी केली तर अमरावती विद्यापीठ. पुण्यातून केली तर पुणे विद्यापीठ, आणि त्याच्या हद्दीत अहिल्यानगर आणि नाशिकही येतात.

म्हणजे पुण्याला बारावी केलेल्या तुमच्या मुलाला पुण्याच्या खासगी कॉलेजांत फायदा, आणि अमरावती-यवतमाळच्या कॉलेजांत तो बाहेरचा. मुलाला पुढेही पुण्यातच राहायचं असेल तर हे सोयीचं आहे. परत यायचं असेल तर नाही. इंटिग्रेटेड क्लासवाल्यांकडे मात्र नीट विचारा. मुलगा बसतो पुण्यातल्या क्लासमध्ये आणि पटावर नाव असतं दुसऱ्याच जिल्ह्यातल्या कॉलेजात. प्रवेशात धरलं जातं ते पटावरचं कॉलेज.

सीओईपी, व्हीजेटीआयसारख्या राज्य पातळीवरच्या संस्थांना ही होमची भानगड नाही, तिथे सगळ्या महाराष्ट्राची एकच यादी.

मागच्या वर्षीचा कटऑफ तक्ता वाचताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तक्त्यात प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एक जोडशब्द असतो. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम, ओ म्हणजे होमबाहेरचे, एस म्हणजे राज्य पातळी. खालच्या चौकटीत वरचा आकडा गुणवत्ता क्रमांक, आणि त्याच्याखाली कंसात पर्सेंटाइल. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचा एच आणि ओ यांचा कटऑफ बराच वेगळा असू शकतो. पालक बहुतेक वेळा पानावर आधी दिसणारा एचचा आकडा धरतात, मुलगा ओमध्ये असतो, आणि पर्यायांची यादी चुकीच्या क्रमाने भरली जाते. आधी स्वतःचं शेवटचं अक्षर ठरवा, मग तक्ता उघडा.

आता मित्राचं कोटा. एनआयटीमध्ये निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना असतात, आणि राज्य ठरतं ते पहिल्यांदा बारावी जिथून पास झालात त्यावरून. राजस्थानातल्या शाळेतून बारावी केली तर तो जयपूरच्या एनआयटीसाठी घरचा आणि नागपूरच्या व्हीएनआयटीसाठी परका. आयआयटीत असा राज्यनिहाय कोटा नाही, तिथे काही फरक पडत नाही.

मेडिकलचं आणखी कडक आहे. सरकारी कॉलेजांतल्या 85 टक्के राज्याच्या जागांसाठी महाराष्ट्रात दहावी आणि बारावी दोन्ही इथूनच झालेली असावी लागते. काही नोकरदारांच्या मुलांना सूट आहे, ती माहितीपुस्तिकेत तपासा. बारावी कोट्याहून केली की बहुतेकांच्या हाती फक्त 15 टक्के अखिल भारतीय जागा उरतात. पूर्वी मेडिकललाही विभागवार 70-30 होतं, विदर्भ आणि मराठवाड्याच्या मुलांचा तो कायमचा सल होता. सप्टेंबर 2020 मध्ये ते रद्द झालं, त्यामुळे आता राज्याच्या आत यवतमाळ, लातूर की पुणे याने मेडिकलला फरक पडत नाही. जुने लोक अजून त्याच भीतीने सल्ला देतात.

प्रश्न: आमचे इचलकरंजीत 24 माग आहेत. मुलाला टेक्स्टाइलच करायचं आहे. मुंबईला व्हीजेटीआय की इथलंच डीकेटीई? मुंबईतल्या गिरण्या तर बंद पडल्या. (माग व्यावसायिक, इचलकरंजी)

उत्तर: तुमच्या शेवटच्या वाक्यातच खरा मुद्दा आहे. एखाद्या गावाला एखाद्या विषयाचं नाव झालं की ते कारण संपल्यावरही नाव चालत राहतं. तेव्हा नाव बाजूला ठेवून कारण जिवंत आहे का ते बघावं लागतं.

मुंबईत व्हीजेटीआय 1887 ची, गिरणगावाच्या गरजेतून उभी राहिलेली. 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या. तरी विषय मेला नाही, त्याने रूप बदललं. मुंबईच्याच आयसीटीचं (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) उदाहरण याहून बोलकं आहे. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून ती सुरू झाली तेव्हा अभ्यासक्रम दोनच होते, वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. रंगाई करणाऱ्या गिरण्यांना रसायनतज्ज्ञ हवे होते. पुढे गिरण्या आटल्या, पण तोवर ठाणे-बेलापूर, तळोजा, रोहा, महाड, लोटे-परशुराम असा रासायनिक कारखान्यांचा पट्टा तयार झाला होता. संस्था औषधं, पॉलिमर, तेलं, रंगलेप यांकडे वळली आणि मोठी झाली. गिरणीच्या आधारावर उभं राहिलेलं शिक्षण गिरणीपेक्षा जास्त जगलं.

डीकेटीई 1982 ची, म्हणजे मुंबईचा संप सुरू झाला त्याच वर्षी इथे कॉलेज निघालं. तुमच्या मुलासाठी निर्णय दोन गोष्टींवर घ्या. धंदा पुढे न्यायचा असेल तर इचलकरंजीत राहून शिकण्यात फायदा आहे, कारण वॉर्पिंग (ताणा गुंडाळणं), सायझिंग (सुताला खळ देणं), विणाई आणि प्रोसेस ही साखळी चालू अवस्थेत बाहेरच आहे. ताणा सारखा तुटतोय तर दोष कशात, सायझिंग कमी बसलं, की शेडमधली आर्द्रता पडली, की सुतातच पातळ जागा आहेत, हे तीन शेड फिरल्याशिवाय कळत नाही. पुस्तकात तिन्ही कारणं एकाखाली एक लिहिलेली असतात. शेडमध्ये ती एकाच वेळी समोर येतात.

बाहेर नोकरी करायची असेल, तांत्रिक कापड, फायबर किंवा मर्चंडायझिंगमध्ये जायचं असेल, तर मुंबईतल्या कंपन्यांची कार्यालयं आणि खरेदीदार जवळ असणं कामाचं. नांदेडच्या एसजीजीएसमध्येही टेक्स्टाइल आहे, ते विसरू नका. त्याची मागणी कमी असल्यामुळे कधी कधी जागा सोप्या पडतात.

कुठल्याही कॉलेजात जाऊन बघायचं ते एवढं: विणाईच्या प्रयोगशाळेत नुसते जुने शटल माग आहेत की रेपिअर आणि एअरजेट हे बिनशटलचे मागही आहेत? आणि आहेत ते चालू आहेत का? मागावर धूळ आणि बीमवर पिवळं पडलेलं सूत दिसलं की समजा, वर्षातून एकदा तपासणी समितीसाठी तो फिरतो. तुम्ही स्वतः मागवाले आहात, तुम्हाला हे दारातूनच दिसेल.

प्रश्न: बी.एस्सी. अ‍ॅग्रीसाठी राहुरी, अकोला, परभणी, दापोली यांतलं कुठलं निवडावं? आमची डाळिंबाची बाग आहे. (विद्यार्थी, सांगोला)

उत्तर: पदवीसाठी पिकावरून विद्यापीठ निवडू नका. देशभरातल्या कृषी पदवीचा अभ्यासक्रम भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यावर चालतो, त्यामुळे चारही विद्यापीठांतले विषय जवळपास सारखे आहेत. मृदाशास्त्र राहुरीतही तेच आणि परभणीतही तेच. फरक पडतो तो शेवटच्या वर्षाच्या ग्रामीण कृषी कार्यानुभवात, कारण तेव्हा गाव आणि पीक प्रत्यक्ष समोर असतं, आणि त्याहून जास्त एम.एस्सी.त.

एम.एस्सी.ला मात्र पिकावरूनच जा. राहुरीकडे ऊस: पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र 1932 पासूनचं, 'फुले 265' ही जात तिथली. दापोलीकडे आंबा, काजू, भात: वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' काढला तो हापूसमधल्या साक्याच्या, म्हणजे आतला गर खराब होण्याच्या, दोषावर उपाय म्हणून. अकोल्याकडे कापूस आणि संत्रा. परभणीकडे ज्वारी, कापूस, आणि 1976 पासूनचं अन्नतंत्र महाविद्यालय, जे फळप्रक्रियेकडे जाऊ पाहणाऱ्यांना फारसं ठाऊक नसतं. तुमच्या डाळिंबासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरातच आहे. तिथे पदवी मिळत नाही, पण एम.एस्सी.चं संशोधन डाळिंबावरच्या तेलकट डाग रोगावर करायचं ठरवलंत तर मार्गदर्शक आणि बागा दोन्ही हाताशी.

आणखी एक रस्ता. राज्य कृषी विद्यापीठांतल्या पदवीच्या 20 टक्के जागा अखिल भारतीय पातळीवर सीयूईटी या देशपातळीवरच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर कृषी संशोधन परिषदेमार्फत भरल्या जातात. त्यातून स्वतःच्या राज्याबाहेर प्रवेश घेतला की राष्ट्रीय प्रज्ञा शिष्यवृत्तीही मिळू शकते. म्हैसूर-बेंगळुरूकडे रेशीम, जोरहाटला चहा, असे आपल्याकडे नसलेले विषय या दाराने उघडतात. अडचण अशी की आपल्याकडची मुलं फक्त राज्याच्या सीईटीचा अर्ज भरतात आणि सीयूईटीची मुदत कधी गेली ते कळतही नाही. आणि राज्याच्या प्रवेशात शेतीच्या कागदाचा अधिभार मिळतो, तर सातबारा कुणाच्या नावावर आहे ते आत्ताच बघा. आजोबांच्या नावावर असेल आणि वारसनोंद झालेली नसेल तर जूनमध्ये तलाठ्याकडे खेटे घालत बसावं लागतं.

प्रश्न: मत्स्यशास्त्र शिकायला रत्नागिरीलाच जावं लागतं का? समुद्र नसलेल्या उदगीरला ते कॉलेज कशाला? (विद्यार्थिनी, गोंदिया)

उत्तर: रत्नागिरीचं कॉलेज 1981 चं, दापोली विद्यापीठाचं. नागपूर आणि उदगीरची पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. समुद्रातली मासेमारी, बोटी, जाळी, निमखाऱ्या पाण्यातली कोळंबी यांच्यासाठी रत्नागिरी. पण मासे फक्त समुद्रात नसतात. तुमच्याच जिल्ह्यात मालगुजारी तलाव आहेत, आणि तिथे लागणारं ज्ञान म्हणजे रोहू-कटलाचं बीज, तलावातली वनस्पती, उन्हाळ्यात उतरणारं पाणी. त्याला नागपूर जवळचं आणि योग्य. गोंदियात परत यायचं असेल तर रत्नागिरीला जाऊन ट्रॉलरबद्दल शिकून फार उपयोग नाही.

प्रश्न: साखर कारखान्यात केमिस्ट व्हायचं तर? (बी.एस्सी. रसायन, माळशिरस)

उत्तर: पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (1975), किंवा कानपूरची राष्ट्रीय शर्करा संस्था (1936). कानपूरला उत्तरेकडच्या कारखान्यांशी संबंध, मांजरीला आपल्याकडच्या. नोकरी इथेच करायची तर मांजरी बरी. प्रवेश घेण्याआधी एक विचारा: कारखान्यातलं प्रशिक्षण कुठल्या महिन्यांत? गाळप हंगाम साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत. मे महिन्यात प्रशिक्षण म्हणजे थंड बॉयलर आणि रिकाम्या पॅनभोवती चक्कर. ब्रिक्स (रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ) आणि पोल (त्यातली साखर) काढून रसाची शुद्धता दर पाळीला कशी हलते ते चालू कारखान्यातच दिसतं.

प्रश्न: हे सगळं तंत्रशिक्षणाचं झालं. कलाशाखेत प्रदेशाने काही फरक पडतो का? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर: पडतो, फक्त त्याची जाहिरात होत नाही. पुरातत्त्व आणि भाषाशास्त्रासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज (1821). उत्खननाची साधनं, हाडं-बियांच्या प्रयोगशाळा आणि संस्कृत कोशाचा प्रकल्प एकाच आवारात आहे. चित्रपटासाठी पुणेच, कारण 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट प्रभातच्या जुन्या स्टुडिओत सुरू झाली. भाषा-अध्यापनासाठी हैदराबाद. लोकसंख्याशास्त्रासाठी मुंबई. संस्कृतसाठी रामटेक, आणि आता अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. तिथेही कारण मातीतलंच: महानुभावांचं गाव, आणि मराठीतल्या आद्य गद्याशी जोडलेलं. जुन्या पोथ्या आणि सांकेतिक लिप्या यांत रस असेल तर तिकडे लक्ष ठेवा.

या विषयांत इमारतीपेक्षा ग्रंथालय आणि मार्गदर्शक बघायचा असतो. विभागाच्या गेल्या पाच वर्षांतल्या प्रबंधांची शीर्षकं मागा. दहा मिनिटांत कळतं की तिथे खरं काय शिकवलं जातं.

प्रश्न: तालुक्याच्या कॉलेजात मेकॅनिकल आणि सिव्हिल बंद होऊन एआय, डेटा सायन्स आलं. मुलाने तेच घ्यावं की पुण्याला जावं? (एक पालक, परळी)

उत्तर: 2024-25 पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या संस्थांना एका शाखेच्या जागांवरची वरची मर्यादा काढली. शहरातली नावाजलेली कॉलेजं संगणकाच्या जागा वाढवतात, आणि तालुक्याच्या कॉलेजातलं गिऱ्हाईक तिकडे जातं. मग तालुक्याचं कॉलेज तीच पाटी लावतं. मेकॅनिकलच्या लेथ मशीन तशाच उभ्या, आणि मेकॅनिकलचेच सर पायथॉन शिकवतात. असं प्रत्येक ठिकाणी नसतं, पण तपासायला हवं.

तपासायचं असं. कॉलेजच्या मंजुरीपत्रावर त्या शाखेच्या जागा किती, आणि गेल्या वर्षी प्रत्यक्ष भरल्या किती, ते विचारा. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण नियमाने एकास वीस आहे. साठच्या वर्गाला चारही वर्षं धरून बारा शिक्षक त्या शाखेचे हवेत. संकेतस्थळावरची शिक्षकांची यादी घ्या आणि प्रत्येकाची एम.टेक. कशातली ते बघा. नॅक आणि एनबीए या दोन्ही दर्जा तपासणाऱ्या संस्था: नॅकचा दर्जा पूर्ण कॉलेजचा असतो, एनबीएचा त्या एका शाखेचा. नव्या शाखेला एनबीए असणारच नाही, कारण आधी विद्यार्थी बाहेर पडावे लागतात, तेव्हा 'आमच्याकडे एनबीए आहे' असं सांगितलं तर कुठल्या शाखेला ते विचारा.

परळीला एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुमच्या दारात औष्णिक वीज केंद्र आहे. जवळच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल शिल्लक असेल, शिक्षक जुने असतील आणि केंद्रात प्रशिक्षण मिळत असेल, तर पुण्यातल्या सामान्य कॉलेजातल्या एआयपेक्षा आम्ही तिकडे झुकू. पत्रात मुलाला काय आवडतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवलंत तर पुढच्या अंकात नेमकं सांगता येईल.